शेत मोकळं होतं

९ फेब्रुवारी

ही वही मी एका माणसाचं वाटोळं करायला घेतली आहे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते. पुढेमागे मन पातळ झालं तर उलटून वाचायला बरं.

माझा धाकटा भाऊ ऑक्टोबरात गेला. लांब तंगड्यांमुळे घरात सगळे त्याला टोळ म्हणायचे. त्याचं एक छोटं विमान होतं, दोन माणसांचं. अर्धं त्याचं, अर्धं एका दातांच्या डॉक्टरचं. एका रविवारी सकाळी दोघं उडाले आणि जमीन सुटते न सुटते तोच इंजिन बंद पडलं. टोळ गेला. दातवाला मनगट मोडून घेऊन वाचला.

आज चौकशीचा निकाल हातात आला. इंजिनातली एक झडप तुटली. धातू थकला होता म्हणे. कुणाचाही दोष नाही. हे मी कसंबसं गिळलं. पण पुढचं वाक्य घशात अडकलं आहे: ‘समोर मोकळं शेत असताना वैमानिकाने घाबरून मागे वळण्याचा प्रयत्न केला.’ यातलं ‘घाबरून’ दातवाल्याच्या जबानीतून आलेलं आहे.

उडताना इंजिन गेलं तर मागे वळायचं नसतं. नाक खाली करायचं आणि समोर जशी जागा मिळेल तशी उतरायचं. वळलं की होती नव्हती ती उंची जाते आणि विमान कुशीवर पडतं. हे त्याच्या फ्लाइंग क्लबच्या आवारातल्या कुत्र्यालाही माहीत असेल. आणि इतकी वर्षं उडणारा टोळ घाबरला? मेलेल्या माणसावर काय वाटेल ते ढकलावं, तो थोडाच उठून बोलणार आहे.

मी तिथे होते. दर रविवारी असायचे. धावपट्टी संपते तिथे तारेचं कुंपण आहे, पलीकडे कापणी झालेलं शेत. शेताच्या मधोमध मी पिवळी छत्री उघडून उभी राहायचे. फेरी मारून आला की टोळ मला पंख हलवून दाखवायचा. त्या दिवशीही शेत मोकळंच होतं. माझ्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं. मग वळायचं कारणच काय?

कारण मला माहीत आहे. टोळ वळला नाही. दातवाल्याने वळवलं.

१२ फेब्रुवारी

मी लोकांना गाडी शिकवते. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक आहे आणि त्याच्या जोरावर मी आजवर जिवंत आहे. घाबरलेला माणूस काय करतो हे मला विचारा. हाताला येईल ते धरतो आणि ओढतो. एका बँकेच्या साहेबांनी समोर म्हैस दिसल्यावर माझी वेणी धरली होती. टोळाच्या विमानात दोन्ही सीटसमोर विमान वळवायचा एकेक दांडा होता. एक हलवला की दुसरा हलतो. इंजिन गप्प झालं, दातवाल्याची गाळण उडाली आणि त्याने दांडा ओढला. इतकं सरळ आहे. वर जबानीत घाबरला कोण, तर माझा भाऊ. चोराच्या उलट्या बोंबा.

चौकशीतलं आणखी एक आठवलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात?” मी तोंड उघडायच्या आत दातवाला म्हणाला, “त्या रस्त्यावर होत्या. कुंपणाबाहेर. खूप लांब.” साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं. मी कुठे उभी होते हेही ज्याला धड आठवत नाही, त्याच्या शब्दावर माझा भाऊ भित्रा ठरला.

३ मार्च

क्लबात नाव घातलं. शिकवणारे मास्तर टोळाचेही मास्तर होते. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं.

“वय?”

“तुमच्यापेक्षा कमी.”

“कशासाठी शिकायचंय?”

“भावासाठी,” मी म्हणाले. खोटं नाही ते.

घरी आईने ताट वाढलं आणि खिडकीशी जाऊन बसली. मग तिकडूनच म्हणाली, “एक गेला तेवढं पुरलं नाही का तुला?” मी म्हटलं, “पुरलं नाही, म्हणूनच जातेय.” तिला काय समजायचं ते समजू दे.

बेत असा आहे. मी परवाना मिळवीन. दातवाल्याला शेजारी बसवीन. त्याच धावपट्टीवरून, त्याच दिशेने उडेन. आणि त्याच जागी थ्रॉटल मागे ओढीन. थ्रॉटल म्हणजे हाताने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर. इंजिन बंद पडणार नाही, नुसतं मरगळेल, पण त्याला ते कळायला वेळ मिळायचा नाही. तो दांड्यावर झडप घालील. तेव्हा त्याचा हात धरून मी म्हणेन, “हाच हात ना?” मग इंजिन परत देईन. मारायचं नाही मला त्याला. मेला तर लाज कुणाला वाटेल?

२० एप्रिल

शिकणं सोपं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून दुसऱ्यांना ओरडण्यात गेली, आता माझ्यावर ओरडतात. आज मास्तर म्हणाले, “बाई, तुमचा उजवा पाय काय शोधतोय?”

“ब्रेक.”

“वर ब्रेक नसतो.”

“मग समोर काही आलं तर?”

“तर वळायचं. दुसरं काय आहे तुमच्या हातात?”

मी विद्यार्थ्यांना उलटं शिकवते. आधी ब्रेक, मग चाक. सवय जायला वेळ लागणार.

दातवाला रविवारी येतो. विमानं ठेवायच्या हँगरच्या दाराशी एक बाक आहे, त्यावर बसतो. मनगट नीट जुळलं नाही, दांडा धरता येत नाही, म्हणून स्वतः उडत नाही. दातांचं बारीक कामही बंद झालं आहे म्हणे, आता नुसते दात उपटतो. ऐकून बरं वाटलं. आज मी उतरले तर उठून उभा राहिला आणि म्हणाला, “छान उतरलात, ताई.” मला ताई म्हणायचा हक्क एकाच माणसाला होता. मी हेल्मेट काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली. हेल्मेट नव्हतंच डोक्यावर.

१ जून

सध्या इंजिन बंद पडल्याचा सराव चालू आहे. मास्तर न सांगता थ्रॉटल मागे घेतात आणि म्हणतात, “गेलं इंजिन. सांगा.” मी नाक खाली घेते, जागा शोधते, जागा सांगते, मग ते इंजिन परत देतात. पहिल्या वेळी जागाच सापडली नाही. आता सापडते.

मास्तर हा सराव नदीच्या बाजूला देतात, तळ्याच्या बाजूला देतात. शेताच्या बाजूला मात्र कधीच देत नाहीत. विचारलं तर “आज वारा तसा नाही” म्हणतात. वारा तसाच असतो. म्हाताऱ्याचं काहीतरी आहे.

१७ ऑगस्ट

आज एकटी उडाले. मास्तर उतरून गेले, दार लावलं आणि हात केला. शेजारची सीट रिकामी झाल्यावर विमान एवढं हलकं होतं की मी घाबरायच्या आतच वर होते. नदी, पूल, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं निळं छप्पर. मी मोठ्याने हसले. मग लक्षात आलं की टोळ गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले आणि मला माझाच राग आला. इथे मजा करायला आलेली नाही.

उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दातवाला टाळ्या वाजवत नव्हता, त्याला एका हाताने वाजवता येत नाहीत. रुमालाने डोळे पुसत होता. नाटकी.

८ सप्टेंबर

दाढ दुखते आहे. खालची, डावीकडची. लवंगेचं तेल लावून शिकवते. आज बाकाजवळून जाताना तो म्हणाला, “अक्कलदाढ आहे. या एकदा, पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“गाल सांगतोय.”

त्या माणसापुढे तोंड वासण्यापेक्षा दाढ जागच्या जागी कुजलेली बरी. उपटायची वेळ येईल तेव्हा कुणाचे दात कुणाच्या घशात जातात ते बघू.

१६ नोव्हेंबर

परवाना मिळाला.

क्लबात एक रीत आहे. परवाना मिळाला की पहिला प्रवासी कोण, ते सगळ्यांसमोर सांगायचं. लोक बायकोचं नाव घेतात, नवऱ्याचं, बापाचं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, तो पहिला. सगळे आईकडेच बघत होते. ती आज मुद्दाम आली होती, इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर धरून.

मी बाकाकडे बोट केलं. “डॉक्टर.”

मग मास्तरांचे डोळे भरले, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, “मोठं मन आहे हो ताईंचं.” मी मान खाली घातली. हसू आवरत होते.

दातवाला उठला नाही. त्याने विचारलं, “कुठल्या बाजूने उडणार?”

“त्याच बाजूने.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, याला कळलं. सगळं कळलं. पण तो एवढंच म्हणाला, “बरं.”

घरी आल्यावर आई कपडे बदलून आली आणि म्हणाली, “परक्या माणसाला नेतेस. मी खालूनच बघीन हो.” मला वाईट वाटलं. पण ज्या कामाला निघाले त्यात आईला शेजारी बसवता येत नाही.

२३ नोव्हेंबर

सगळं जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी वारा शेताकडूनच होता, म्हणजे त्याच बाजूने उडता येणार होतं. दातवाला वेळेआधी आला, दाढी केलेली, बूट चकचकीत. सीटवर बसला, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. शाळेत बाईंनी शिक्षा केल्यासारखा.

“हे काय?” मी विचारलं.

“शिस्त. तुमच्या भावाची होती. उडताना शेजारच्याने हातावर बसायचं, म्हणजे दांड्याला हात लागत नाही. मला परवाना होता तरी मलाही हीच शिस्त.”

“त्या दिवशीही?”

“त्या दिवशीही. म्हणून तर मनगट गेलं. हात काढायला वेळ मिळाला नाही.”

मी मनात म्हटलं, पाठ करून आला आहे. पण ते वाक्य कुठेतरी जाऊन बसलं. चुकीच्या गिअरमध्ये गाडी सुटली की सुरुवातीलाच जसं कळतं, तसं काहीतरी. मी तिकडे लक्ष दिलं नाही. वर्षभर ज्यासाठी जगले ते दोन वाक्यांवर सोडून देऊ?

उडालो. चढताना विमानाचं नाक वर असतं, समोरचं शेत नाकाखाली झाकलेलं असतं. नुसतं आकाश दिसतं. कुंपण मागे गेलं तसं मी थ्रॉटल मागे ओढलं.

इंजिन गप्प झालं. शिकवल्याप्रमाणे मी नाक खाली घेतलं, आणि झाकलेलं सगळं शेत एकदम काचेत आलं. त्याच्या मधोमध पिवळी छत्री होती.

छत्रीखाली आई होती. हात हलवत होती.

पुढचं मी केलं असं म्हणता येत नाही. माझा उजवा पाय खाली जोरात दाबला गेला, जिथे ब्रेक नाही तिथे. आणि हात डावीकडे गेला. दांडा डावीकडे, पंख डावीकडे. विमानाने कूस बदलायला सुरुवात केली. सगळं ठाऊक होतं मला. वळायचं नसतं, वळलं की पडतं. वर्षभर हेच घोकलं होतं. समोर आई होती, त्यापुढे ते सगळं गेलं कुठे कुणास ठाऊक.

“ताई, इंजिन आहे,” शेजारून आवाज आला. अगदी हळू. “थ्रॉटल पुढे करा. पंख सरळ. आहे इंजिन.”

मी थ्रॉटल पुढे दाबलं. इंजिन ओरडलं आणि आम्ही वर गेलो.

त्याचे हात मांड्यांखालीच होते. तो किंचाळला नव्हता, डोळे मिटले नव्हते. तो खाली मागे जाणाऱ्या छत्रीकडे बघत होता. फेरी पूर्ण होत आली तेव्हा म्हणाला, “पंख हलवून दाखवा. वाट बघतायत त्या.”

मी पंख हलवले.

उतरल्यावर आई धापा टाकत आली. खुशीत होती. “दिसले का गं मी? तुझीच छत्री नेली. म्हटलं, तिथे एकटं उभं राहिलं की वरून नजरेत भरेन.”

२४ नोव्हेंबर

शिकवायला गेले नाही. विद्यार्थ्यांना सांगितलं, दाढ दुखते. ते खरंही होतं.

२७ नोव्हेंबर

दुखणं सहन होईना, म्हणून गेले. दाढेचंच म्हणते आहे असं लिहिणार होते, पण या वहीत तरी खोटं नको.

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर डाव्या हाताने सुई भरत होते. सगळं आता डाव्या हाताने करतात, सावकाश. मी खुर्चीत आडवी झाले आणि तोंड उघडायच्या ऐवजी विचारलं, “तो घाबरला होता?”

“नाही.”

“काही बोलला?”

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “‘ताई आहे,’ एवढंच म्हणाला. आणि वळवलं.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, वाईट घेत होतं, क्लच जाळत होतं. मी ते ऐकत राहिले.

“मग चौकशीत ‘घाबरून’ का सांगितलंत?”

“का वळला, याला काहीतरी उत्तर लागणार होतं. आणि तुम्ही समोरच बसला होतात.” मग म्हणाले, “मास्तर आणि मी, दोघांनाच माहीत आहे. तो मला माफ करील असं वाटतं. त्याच्या नावापेक्षा त्याला तुमचीच काळजी जास्त असायची. आता तोंड उघडा.”

मी उघडलं. दाढ निघाली. मुळं वाकडी होती म्हणे, त्यांना फार वेळ लागला, आणि मध्ये त्यांचा उजवा हात आधाराला आला तेव्हा तो थरथरताना मला दिसला. मी बोळा दातांत धरून रडले. त्यांनी दुखतंय का असं विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

वही पहिल्या पानापासून वाचली. साप समजून भुई धोपटत होते वर्षभर, आणि ती भुई गप्प पडून मार खात होती. ‘शेत मोकळंच होतं. माझ्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं.’ माझ्याच हाताने लिहिलं आहे. तेव्हा खाली रेघ ओढायची राहिली होती, आज ओढली.

राग गेलेला नाही. तो आता टोळावर आहे. गाढवा, मी काय खांब होते? दोन पाय आहेत मला, पळाले असते बाजूला. थोडा थांबला असतास. पण मीही नाही थांबले, ना पाय थांबला ना हात. तेव्हा त्याच्यावरही फार वेळ चिडता येत नाही, आणि जो सूड उरला आहे तो घ्यायला दुसरं कुणी समोर नाही.

डॉक्टरांना विचारलं, जबानी बदलूया का, त्याच्यावरचा तो शब्द पुसूया का. ते म्हणाले, “पुसला तर कारण लिहावं लागेल. आई वाचतील.”

७ डिसेंबर

आज रविवार. आईला विमानात न्यायचं कबूल केलं होतं, पण वारा जोराचा आहे, म्हणून पुढच्या खेपेला. ती म्हणाली, मग तू एकटी जा, मी शेतात उभी राहीन.

मी म्हटलं, “शेतात नको. हँगरपाशी डॉक्टरांच्या शेजारी बाकावर बस. चहा मिळतो.”

“तिथून तू मुंगीएवढी दिसतेस.”

“दिसू दे. शेतात नाही जायचं.”

ती छत्री हातात घेऊन दाराशी उभी होती. कापड नीट करत, एकेक काडी चाचपत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “परवा तू मला बघून वाकडी झालीस ना गं? विमान कललेलं मला दिसलं.” मी बुटाची नाडी बांधत होते. “मग तो गेला त्या दिवशी तू कुठे उभी होतीस?”

गाठ सुटली होती, ती मी परत बांधली.

“रस्त्यावर,” मी म्हणाले. “कुंपणाबाहेर. खूप लांब.”

आई मग “बरं,” म्हणाली आणि छत्री मिटून दारामागे ठेवून दिली.